पाठ कोण बरी करतं: हात की हालचाल? ‘कट्ट’ आवाजामागचा जवळपास तीनशे वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ येतात ते थोडे गाळलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

सुरुवात एका आवाजापासून करूया. फोनवर स्क्रोल करताना एक रील येते. एक माणूस टेबलावर पडलेला असतो. दुसरा त्याची मान दोन्ही हातांत धरतो, क्षणभर थांबतो आणि कट्ट! पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदम समाधान. खाली कमेंट्सचा पाऊस: ‘मला पण हेच पाहिजे’, ‘पुण्यात कुठे करतात?’, ‘किती घेतात?’

हे जे चाललंय त्याचं नाव कायरोप्रॅक्टिक. म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून केलेला उपचार. दुसऱ्या बाजूला रोज सल्ला देणारे आहेतच: व्यायाम कर, चाल, जिमला जा, सूर्यनमस्कार घाल. आता ज्याची पाठ दुखतेय त्याच्यासमोर प्रश्न असा की पैसे आणि वेळ घालायचा कशावर? हातावर की हालचालीवर?

हा प्रश्न आजचा नाही. त्याच्यासाठी लोक तुरुंगात गेलेत, अकरा वर्षं कोर्टात भांडलेत. आणि गंमत म्हणजे, जेव्हा दोन्ही बाजू एकमेकांशी भांडत होत्या, तेव्हा खरं उत्तर भलतीकडेच, लंडनच्या बसमध्ये सापडत होतं. चला, सुरू करूया.

हाड बसवणारी सारा

इंग्लंड, १७३६. लंडनजवळ एप्सम नावाचं गाव. तिथे सारा मॅप नावाची एक बाई हाडं बसवायची. कुठलीही पदवी नाही. वडील हाडवैद्य होते, त्यांच्याकडून शिकलेली. खांदा निखळला, घोट्यात मुरगळलं, पाठ धरली की लोक तिच्याकडे. ती इतकी गाजली की एप्समहून गाडी करून लंडनला यायची आणि तिथल्या कॉफी हाउसमध्ये रोगी तपासायची. प्रसिद्ध चित्रकार विल्यम होगार्थ याने डॉक्टरांची टिंगल करणारं एक चित्र काढलं, त्यात वरच्या रांगेत सारासुद्धा आहे. पण ही प्रसिद्धी फार टिकली नाही. पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये ती वारली, तीही गरिबीत.

हाडवैद्य ही काही फक्त इंग्लंडची गोष्ट नाही. आपल्याकडेही गावोगावी हाड बसवणारे होते, आजही आहेत. तालमीत पैलवानाचा खांदा उतरला तर आधी वस्तादच हात घालायचा. पण आपल्या तालमीत एक गोष्ट वेगळी होती, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथे मालिश आणि मेहनत एकाच छपराखाली होती. जोर-बैठका, कुस्ती, अंग रगडणं, सगळं एकाच दिनक्रमात. मालिश हा मेहनतीचा भाग होता, मेहनतीऐवजी केलेली सोय नव्हती.

परत इंग्लंडला येऊ. डॉक्टर मंडळी हाडवैद्यांना भोंदू म्हणायची. पण १८६७ मध्ये लंडनचे मोठे सर्जन सर जेम्स पॅजेट यांनी एक व्याख्यान दिलं, विषय होता: हाडवैद्यांच्या हातून बरे होणारे रोगी. त्यांचा सूर साधारण असा होता की बाबांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना हे स्पर्धक भेटणारच आहेत. त्यांच्या हातून नुकसान होतं हे खरं, पण काही रोगी खरोखर बरे होतात. तेव्हा त्यांच्यातलं चांगलं असेल ते शिका आणि वाईट ते टाळा. व्याख्यान ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. लोकांनी वाचलं आणि बहुतेकांनी सोडून दिलं. हा सल्ला तेव्हाच मानला असता तर पुढचं शंभर वर्षांचं भांडण वाचलं असतं.

झोपून राहा!

याच सुमाराला लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचा एक डॉक्टर होता. याचे वडील इव्हान थॉमस पिढीजात हाडवैद्य. डॉक्टरांनी त्यांना खूप त्रास दिला, कोर्टातही खेचलं. म्हणून त्यांनी मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिलं. ह्यू हुशार निघाला. त्याने बनवलेली पायाची पट्टी, ‘थॉमस स्प्लिंट’, पुढे पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे जीव वाचवायला कामी आली.

या ह्यू थॉमसचं तत्त्व एकच होतं: दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती. क्षयाने सडलेल्या सांध्यांसाठी, मोडलेल्या हाडांसाठी ते बरोबरही होतं, कारण तेव्हा दुसरं औषधच नव्हतं. पण हळूहळू हाच नियम साध्या पाठदुखीलाही लावला गेला. पाठ दुखतेय? पडून राहा. एक आठवडा, दोन आठवडे, कधी सहा आठवडे. गादीखाली फळी टाका. उठू नका.

आपल्या आजी-आजोबांनाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. विसाव्या शतकाचा मोठा काळ जगभर हाच सल्ला चालला. हाडवैद्यांचा धंदा हलवण्याचा होता, आणि हाडवैद्याच्याच मुलाने ‘हलू नका’ हे शास्त्र केलं. नियतीचा खेळ, दुसरं काय!

डेव्हनपोर्टचा चमत्कार

आता समुद्र ओलांडून अमेरिकेला जाऊया, कारण ‘कट्ट’ला दुकान, शाळा आणि नाव तिथे मिळालं. साल १८९५. आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठी डेव्हनपोर्ट नावाचं शहर. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचा पन्नाशीचा माणूस राहायचा. मूळचा कॅनडाचा. मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान काढलं, मग नऊ वर्षं ‘मॅग्नेटिक हीलर’ होता, म्हणजे अंगातल्या चुंबकीय शक्तीने रोग बरा करतो असं सांगणारा. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण तेव्हाची अधिकृत औषधं बघा: पारा, अफू, रेचकं. डॉक्टरकडे जाणं हाच एक धोका होता. त्यामुळे औषधाशिवाय बरं करतो म्हणणाऱ्याकडे गर्दी व्हायचीच.

पामरच्या इमारतीत साफसफाई करणारा एक कृष्णवर्णीय माणूस होता, हार्वे लिलार्ड. त्याला सतरा वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. पामरने सांगितलेली गोष्ट अशी: लिलार्डच्या पाठीत काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि तेव्हापासून ऐकू येणं गेलं. मी पाठीतला वर आलेला मणका दाबून बसवला आणि त्याला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. तारीख १८ सप्टेंबर १८९५. कायरोप्रॅक्टिकचा वाढदिवस हाच धरतात.

लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली गोष्ट मात्र निराळी आहे. वडील व्हरांड्यात कुणाला तरी विनोद सांगत होते, पामरने तो ऐकला आणि हसत हसत हातातल्या पुस्तकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. काही दिवसांनी वडील म्हणाले की जरा बरं ऐकू येतंय. पुढचा सिद्धांत तिथून सुरू झाला.

यातली कुठली गोष्ट खरी हे सोडा. शरीरशास्त्र काय म्हणतं ते बघा. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, ती पाठीच्या कण्यातून जातच नाही. तरीही पामरने निष्कर्ष काढला की जवळपास सगळे रोग मणके जागचे सरकल्यामुळे होतात. नसा दबतात, शरीराची जीवनशक्ती अडते. मणका बसवा, रोग जाईल. या सरकण्याला त्याने ‘सबलक्सेशन’ म्हटलं. सॅम्युअल वीड नावाच्या एका पाद्रीने ग्रीक शब्द जोडून उपचाराला नाव दिलं, कायरोप्रॅक्टिक. म्हणजे सरळ मराठीत, ‘हाताने केलेलं’. १८९७ मध्ये शाळाही निघाली.

१९०६ मध्ये परवान्याशिवाय डॉक्टरकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली. दंड भरायला तो तयार नव्हता, म्हणून तुरुंगात गेला. तेवीस दिवस आत काढले आणि मग दंड भरून बाहेर आला. पुढच्या काही दशकांत शेकडो कायरोप्रॅक्टर असेच आत गेले. लोकांच्या मनात त्यांची प्रतिमा काय झाली असेल? हुतात्मा! डॉक्टरांच्या मक्तेदारीशी भांडणारा गरिबांचा माणूस. १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने त्यांच्यासाठी पहिला कायदा केला. शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४. म्हणजे साठ वर्षं ही लढाई चालली.

शुद्ध आणि मिश्र

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. पामरचा मुलगा बी. जे. पामर. बापाकडून शाळा घेतली आणि धंदा कुठल्या कुठे नेला. १९२२ मध्ये त्याने रेडिओ स्टेशन घेतलं. नाव डब्ल्यूओसी, लोक त्याचा अर्थ ‘कायरोप्रॅक्टिकचे चमत्कार’ असा सांगायचे. रोनाल्ड रेगन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांची रेडिओवरची सुरुवात याच स्टेशनवर झाली. आजच्या रील्सचा पणजोबा शोधायचा असेल तर तो हाच. नवं माध्यम आलं की आधी आपला आवाज तिथे पोचवायचा, हे बी. जे.ला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

बी. जे.चा आग्रह एकच: फक्त मणका, फक्त हात. दुसरं काही नको. पण त्याच्याच लोकांत फूट पडली. जॉन हॉवर्ड नावाचा शिक्षक १९०६ मध्ये बाहेर पडला आणि त्याने नॅशनल स्कूल ही वेगळी शाळा काढली, जी पुढे शिकागोला गेली. हॉवर्ड आणि त्याच्यासारखे लोक म्हणत होते, हाताने मणका हलवा, पण सोबत व्यायाम द्या, मालिश करा, आहार सांगा, शेक द्या. बी. जे. या लोकांना तुच्छतेने ‘मिक्सर’ म्हणायचा, म्हणजे भेसळ करणारे. स्वतःचे लोक ‘स्ट्रेट’, म्हणजे शुद्ध.

लक्षात आलं का? कायरोप्रॅक्टिकच्या पोटातच हात विरुद्ध हालचाल हे भांडण होतं. आणि जे ‘भेसळवाले’ होते, तेच पुढे बरोबर ठरले. पण ते सिद्ध व्हायला अजून बरीच दशकं लागायची होती.

जाता जाता एक तुलना, आपल्याच मातीतली. बी. जे. रेडिओवर बोलत होता त्याच सुमाराला, १९२४ मध्ये, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. योगाबद्दलही तेव्हा चमत्काराच्या गोष्टी भरपूर होत्या. कुवलयानंदांनी काय केलं, तर आसनं आणि क्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून मोजायला घेतलं, आणि ‘योगमीमांसा’ नावाच्या नियतकालिकात छापलं. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतील असं नाही. पण मोजायचं, छापायचं, लोकांना तपासू द्यायचं, ही सवय महत्त्वाची. डेव्हनपोर्टमध्ये तेव्हा नेमकी तीच कमी होती.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

दुसरं महायुद्ध संपलं. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरला एक कोडं पडलं. हार्ट अटॅक एकाएकी इतके का वाढलेत? त्याच्या मनात आलं, माणसाच्या कामाशी काही संबंध असेल का? त्याला एक जोडी सापडली जिच्यापेक्षा चांगला प्रयोग कुणी ठरवूनही केला नसता.

लंडनची लाल डबलडेकर बस. आपल्या मुंबईच्या बेस्टची जुनी डबलडेकर आठवा, तशीच. एका बसमध्ये दोन माणसं. ड्रायव्हर अख्खी पाळी बसून. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत वर-खाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. दोघं एकाच वर्गातले, एकाच शहरातले, पगारातही फार फरक नाही. मॉरिसने वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती तपासली. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. १९५३ मध्ये हे ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

शंका काढणारे होतेच. म्हणाले, कदाचित जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील. मॉरिसने गणवेशांची मापं काढून तपासलं. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखर मोठ्या होत्या! पण बारीक ड्रायव्हर घेतले तरी त्यांना धोका जास्तच निघाला. त्याने पोस्टमन आणि टपाल खात्यातले टेबलावर बसणारे कर्मचारी यांची तुलना केली. तेच चित्र.

आज आपल्याला ‘व्यायाम हृदयाला चांगला’ हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं साधं वाटतं. पण त्याआधी ते पुराव्यानिशी कुणी दाखवलं नव्हतं. मॉरिस स्वतः आयुष्यभर चालत-पळत राहिला आणि २००९ मध्ये ९९ वर्षांचा होऊन गेला. शरीराला हालचाल लागते, हे आता आकड्यांत आलं होतं.

पण पाठीच्या बाबतीत डॉक्टर अजूनही म्हणत होते: झोपून राहा.

दोन दिवस की सात दिवस?

ते मोडायला १९८६ उजाडलं. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला: पाठ दुखली तर नक्की किती दिवस झोपायचं? काही रोग्यांना सांगितलं दोन दिवस, काहींना सात. निकाल? दुखणं बरं होण्यात फरक नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर परतले.

१९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीत याच्याही पुढे गेले. तीन गट केले. पहिला दोन दिवस झोपला. दुसऱ्याला पाठीचे खास व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितलं, जमेल तेवढं नेहमीचं काम करत राहा. सगळ्यात लवकर बरा झाला तिसरा गट! झोपलेले सगळ्यात मागे.

का असेल असं? पडून राहिलं की स्नायू झपाट्याने अशक्त होतात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यांचं पोषण दाब पडण्या-सुटण्यावर, म्हणजे हालचालीवर बरंचसं चालतं. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं, ते म्हणजे भीती. ‘माझी पाठ नाजूक आहे, वाकलो तर मोडेल’ ही भीती बसली की माणूस हलणं टाळतो, स्नायू आखडतात, दुखणं वाढतं, भीती आणखी वाढते. स्कॉटलंडचे सर्जन गॉर्डन वॉडेल यांनी या भीतीचं महत्त्व दाखवून दिलं आणि पाठदुखीकडे बघायची पद्धतच बदलली.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने तर १९९७ मध्ये टीव्हीवर जाहिराती केल्या: पाठदुखी झोपून सोसू नका, हलत राहा. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहिराती नव्हत्या, त्यामुळे तुलना करता आली. व्हिक्टोरियात लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली, आणि पाठदुखीचे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. औषध एकच: माहिती.

अकरा वर्षांचा खटला

इकडे अमेरिकेत डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांचं भांडण टोकाला गेलं होतं. १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि तिचं एक मुख्य लक्ष्य होतं कायरोप्रॅक्टिक. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरकडे रोगी पाठवणं किंवा त्यांच्यासोबत काम करणं हे संघटनेच्या नीतिनियमांत बसत नव्हतं.

शिकागोचे कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये खटला भरला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला: हा बहिष्कार बेकायदा आहे, तो स्पर्धा दडपण्यासारखा आहे. १९९० मध्ये वरच्या कोर्टानेही तो कायम केला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण रील्समध्ये हा निकाल चुकीचा सांगितला जातो. कोर्टाने कायरोप्रॅक्टिक शास्त्रशुद्ध आहे असं म्हटलेलं नाही. कोर्ट एवढंच म्हणालं की तुम्ही मिळून एका धंद्याला वाळीत टाकू शकत नाही. उपचार चालतो की नाही, हे कोर्टात ठरत नाही. ते चाचण्यांत ठरतं.

मग चाचण्यांत काय निघालं?

भिंत पडल्यावर खरी तुलना सुरू झाली. आणि निकाल असा आला की दोन्ही बाजूंचं थोडं थोडं नाक कापलं गेलं.

१९९८ मध्ये अमेरिकेत डॅन चर्किन यांच्या गटाने तुलना केली. एका गटाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला मॅकेन्झी पद्धतीची फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त एक माहितीपुस्तिका. पहिले दोन जवळपास सारखेच, आणि पुस्तिकेपेक्षा किंचितच बरे. हो, पुस्तिकेपेक्षा किंचित!

मग २००४ मध्ये ब्रिटनची मोठी चाचणी, नाव ‘बीम’. तेराशेहून जास्त रोगी. सगळ्यांना डॉक्टरांचा नेहमीचा चांगला सल्ला, आणि त्यावर कुणाला व्यायामाचे वर्ग, कुणाला हाताने मणक्याचा उपचार, कुणाला आधी हात आणि मग व्यायाम. तीन महिन्यांनी सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो शेवटच्या गटात. आधी हात, मग हालचाल. वर्षाने सगळ्यांचाच फायदा कमी झाला होता, तरी या जोडीचा थोडा उरला होता. फायदा मध्यम होता, चमत्कार नव्हता. पण होता.

म्हणजे बघा, तालमीतली जुनी सवय आणि शिकागोचे ‘भेसळवाले’, दोघांचाही अंदाज बरोबर निघाला. हात आणि हालचाल एकत्र.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात काय चालेल? रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम, हाताने मणक्याचे उपचार, मालिश. काय नको? कमरेचे पट्टे, खेचण्याचे म्हणजे ट्रॅक्शनचे उपचार, अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या. त्याच संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तेव्हा हा विषय काही छोटा नाही.

मग तो आवाज कसला?

हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही, कारण मणका त्या अर्थाने सरकलेलाच नसतो. सांध्यात द्रव असतो, सांधा झटकन ताणला की दाब उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. तोच कट्ट. बोटं मोडताना येतो तोच. अमेरिकेत डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने साठ वर्षं फक्त एका हाताची बोटं मोडली, संधिवात होतो का हे बघायला. नाही झाला. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं.

मग बरं का वाटतं? सांध्याभोवतीच्या स्नायूंचा ताण काही काळ उतरतो, मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मंदावतात. दुखणं कमी होतं, हे खोटं नाही. पण थोड्या वेळासाठी. एक खिडकी उघडते म्हणा. त्या खिडकीतून तुम्ही बाहेर पडून चालायला लागलात, तर कमावलं. नुसतंच घरी येऊन पुन्हा फोन घेऊन वाकून बसलात, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा टेबलावर.

तुमच्या कामाचं

या सगळ्या इतिहासातून तीन गोष्टी खिशात ठेवा.

एक. हाताचा उपचार घ्यायचा तर शिकलेल्या माणसाकडून घ्या. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत, केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आज पदवीधर फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि हाताचे उपचार आणि व्यायाम दोन्ही त्यांच्या शिक्षणात असतात. मान झटक्याने फिरवण्याबाबत विशेष सावध राहा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात आल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. दुर्मीळ आहे, पण मित्राकडून किंवा सलूनमध्ये मान मोडून घेण्याइतकं ते किरकोळ नाही.

दोन. उपचार करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘घरी मी काय करायचं?’ उत्तरात व्यायाम असेल, चालणं असेल, आणि ‘काही दिवसांनी तुम्हाला माझी गरज लागणार नाही’ असं असेल, तर माणूस बरोबर आहे. उत्तरात फक्त पुढच्या वीस बैठकांचं पॅकेज असेल, किंवा मणका बसवून मधुमेह, दमा, बहिरेपणा सगळं जाईल असं असेल, तर समजा की १८९५ चं डेव्हनपोर्ट तुमच्यासमोर बसलंय. नमस्कार करा आणि निघा.

तीन. हालचालीला पर्याय नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तसा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाठीसाठी कुठला व्यायाम सगळ्यात भारी? जो तुम्ही पुढच्या महिन्यातही करत असाल तो. चालणं, पोहणं, सूर्यनमस्कार, जोर-बैठका, डोंगर चढणं, काहीही. थोडं दुखलं तरी हळूहळू करत राहा.

आणि एक इशारा, हा मात्र गंभीरपणे घ्या. पाठदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल, ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखत असेल, तर व्यायामही नको आणि मालिशही नको. आधी डॉक्टर. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सारा मॅपच्या काळापासून लोक विचारत आलेत, पाठ कोण बरी करतं, हाडवैद्य की डॉक्टर? तुरुंग झाले, खटले झाले, रेडिओ झाले. या भांडणात रोगी मात्र पलंगावर पडून होता, आणि त्याला कुणी सांगितलंच नाही की बाबा, ऊठ, चार पावलं टाक. तुम्हाला हे आता माहीत आहे. घरात कुणी पाठ धरून आठवडाभर पडून असेल, आई असेल, काका असतील, तर वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नाहीत ना ते आधी बघा, आणि मग त्यांना हात देऊन उठवा. अंगणापर्यंत, गॅलरीपर्यंत, जमेल तेवढं सोबत चाला.

हा भाग इथेच थांबवूया. कुणाला उपयोग होईल असं वाटलं तर नक्की पाठवा. आणि हा भाग बसून वाचला असेल, तर पुढचा चालता चालता ऐका. भेटूया!